लिबमाप: एकच डीकोडर, पण लिहायचा कशात? (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५, सोमवार

आजपासून या नोंदी सुरू. काम असं आहे की सौर पंपाच्या कंट्रोलरमधून येणारा डेटा वाचणारा कोड, म्हणजे डीकोडर, आपल्याकडे तीन ठिकाणी तीन भाषांत पडलाय, शेतातल्या गेटवेच्या डब्यात (कंट्रोलरचा डेटा सर्व्हरकडे पाठवणारा छोटा संगणक) सीमध्ये, सर्व्हरवर पायथनमध्ये आणि टेक्निशियनच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये कॉटलिनमध्ये. तिघंही तेच मॉडबस आरटीयूचं (यंत्रांनी तारेवरून बोलायची एक ठरलेली पद्धत) उत्तर वाचतात पण तिघांचा आकडा तोच येईल याची खात्री नाही. कारण साधं आहे, मॉडबसचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, १६ बिटांचं, ३२ बिटांचा आकडा पाठवायचा तर तो दोन रजिस्टरांत तोडून पाठवावा लागतो आणि त्यातलं कुठलं आधी यायचं हे स्टँडर्ड सांगतच नाही, प्रत्येक कंट्रोलरवाला आपापल्या मनाने ठरवतो. मग एका मेकचं फर्मवेअर बदललं की तीन ठिकाणी दुरुस्ती, आणि तोपर्यंत शेतकऱ्याच्या समोर टेक्निशियनच्या फोनवर एक आकडा आणि ऑफिसच्या स्क्रीनवर दुसरा. आज पंपाने किती पाणी उपसलं हा त्या माणसाचा सरळ प्रश्न आहे, त्याला एकच उत्तर मिळायला हवं.

मीटिंगमध्ये ठरलं ते एवढंच: एक शेअर्ड लायब्ररी (वेगवेगळे प्रोग्राम लोड करून वापरतात तो तयार कोड) करायची, नाव लिबमाप, सगळ्यांनी तीच लोड करायची. भाषा ठरली नाही. ठरवायचं काम माझ्याकडे आलंय आणि ते मी इथेच उघड्यावर करणार आहे, म्हणजे दोन वर्षांनी कुणी विचारलं की हे असं का केलं तर कारण सापडेल.

५ जून, गुरुवार

भाषांची नावं घेण्याआधी एक दिवस फक्त हे लिहून काढलं की ही लायब्ररी कोण कोण लोड करणार. गेटवेवरचा सी डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम), त्यात नवे डबे एआरएम प्रोसेसरचे आणि जुने मिप्सचे, जुन्यांवर सीची नेहमीची लायब्ररी ग्लिबसी नाही, मसल ही छोटी आहे. सर्व्हरवर पायथनचे वर्कर, तेही मल्टिप्रोसेसिंगने फोर्क केलेले (एका प्रोसेसची नक्कल करून दुसरी सुरू केलेली). अँड्रॉइड अ‍ॅप, म्हणजे जेएनआय, जावा-कॉटलिनमधून सीचा कोड बोलावायची सोय. आणि पुढेमागे टेस्ट बेंचवर कुणाला जावातून किंवा आणखी कशातून वापरायची असेल तर तेही.

या यादीकडे बघितलं की एक गोष्ट आपोआप ठरते. या सगळ्यांना समजणारी बोली एकच आहे, सीची एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडने एकमेकांना बोलावायचे नियम. फंक्शनचं नाव जसंच्या तसं सिम्बॉल टेबलमध्ये, आर्ग्युमेंट ठरलेल्या रजिस्टरांत, रिटर्न व्हॅल्यू ठरलेल्या जागी. पायथनचं सीटाइप्स (सीची लायब्ररी वापरायचं मॉड्यूल) तेच बोलतं, जेएनआय तेच बोलतं. त्यामुळे आत काहीही असो बाहेरचा दरवाजा सीचाच. आत कुठली भाषा हा प्रश्न त्यानंतरचा, आणि माझ्या मते तो असाच विचारला पाहिजे: कुठली भाषा स्वतःचं सामान आत ठेवून सीच्या दरवाज्यातून नीट बोलू शकते.

१० जून, मंगळवार

सी++ बघितली. सर्व्हरवाल्या मैत्रिणीचा आग्रह होता, तिला ती चांगली येते.

अडचण भाषेत नाही, काठावर आहे, म्हणजे दोन भाषा जिथे एकमेकींना भेटतात तिथे. सी++ मध्ये फंक्शनचं नाव मँगल होतं (कंपाइलर ते बदलून टाकतो), एक्सेप्शन काठ ओलांडून पायथनच्या इंटरप्रिटरमध्ये घुसलं तर प्रोसेस गेली, आणि स्टँडर्ड लायब्ररीचे टाइप हेडरमध्ये उघडे टाकले की आपण कंपाइलरच्या व्हर्जनला बांधले गेलो. २०१५ मध्ये जीसीसी ५ हा कंपाइलर आला तेव्हा त्याच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या (लिबस्टडसी++) स्ट्रिंगची आणि लिस्टची रचनाच बदलली, जुनी नवी दोन्ही शेजारी शेजारी ठेवावी लागली आणि डिस्ट्रोवाल्यांना (लिनक्सच्या आवृत्त्या बनवणाऱ्यांना) ढीगभर पॅकेजेस परत बिल्ड करावी लागली.

पण सी++ मध्ये शेअर्ड लायब्ररी चांगली करता येत नाही असं कुणी म्हणू नये. हार्फबझ बघा. आत सी++, बाहेर स्वच्छ सीची एपीआय, आणि लिबस्टडसी++ ला लिंकसुद्धा होत नाही, एक्सेप्शन नाहीत, आरटीटीआय (चालताना टाइप ओळखायची सोय) नाही. आपण फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, अँड्रॉइडवर, लिब्रेऑफिसमध्ये जी मराठी वाचतो त्यातली जोडाक्षरं, रफार, वेलांटीची जागा हे सगळं ती लायब्ररी लावते, म्हणजे ही नोंद कुणी वाचत असेल तर बहुतेक तिच्याच कृपेने वाचतोय. इतक्या प्रोग्रामांमध्ये इतकी वर्षं ती बसलीय ती दरवाजा सीचा ठेवल्यामुळे, आणि हे मला मनापासून शिकण्यासारखं वाटतं.

आपल्यासाठी मात्र प्रश्न असा की एवढी शिस्त पाळून सी++ वापरायची तर तिच्यातलं मेमरीचं भय तसंच राहतं आणि सोयी अर्ध्या सोडाव्या लागतात. बाजूला ठेवली.

१३ जून, शुक्रवार

गो आणि झिग एकाच दिवसात.

गो मला लिहायला आवडते, सर्व्हरवरची आपली दोन टूल्स गोमध्येच आहेत. शेअर्ड लायब्ररी बनवणारा सी-शेअर्ड बिल्डमोड १.५ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे, .एसओ (शेअर्ड लायब्ररीची फाइल) आणि हेडर (तिच्यातली फंक्शनं सांगणारी फाइल) दोन्ही तयार मिळतात. पण ती .एसओ लोड केली की तिच्याबरोबर अख्खं रनटाइम येतं, गार्बेज कलेक्टर, शेड्यूलर, स्वतःचे थ्रेड, स्वतःचे सिग्नल हँडलर. पाहुणा म्हणून बोलावलेली लायब्ररी दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये आपला संसार मांडते. आणि आपले पायथन वर्कर फोर्क होतात, फोर्कनंतर चाइल्डमध्ये फक्त ज्या थ्रेडने फोर्क केला तोच उरतो, गोच्या रनटाइमला वाटतं आपले बाकीचे थ्रेड आहेतच, मग तो त्यांची वाट बघत अडकून बसतो. वर्कर असा गप्प अडकला की लॉगमध्ये काही येत नाही, ही सगळ्यात वाईट जात. मिप्सवर सी-शेअर्ड चालतही नाही. गो स्वतंत्र प्रोग्रामसाठी उत्तम, दुसऱ्याच्या पोटात बसणाऱ्या लायब्ररीसाठी नाही.

झिगचा काठ सीशी अगदी छान जुळतो, रनटाइम नाही, मेमरी कोण देणार हे उघड लिहावं लागतं. पण १.० अजून आलेली नाही, प्रत्येक रिलीजला भाषा बदलते, आणि आपल्याला हा कोड पाच वर्षं हात न लावता चालायला हवाय. क्रॉस कंपाइलर (दुसऱ्या मशीनसाठी बिल्ड करणारा) म्हणून झिग सीसी मात्र नक्की लागेल असं दिसतंय.

१७ जून, मंगळवार

आता उरल्या दोन, सी आणि रस्ट. आजचा अख्खा दिवस फर्मवेअरच्या सरांबरोबर बोलण्यात गेला आणि तो वाया गेला नाही.

सर मायक्रोकंट्रोलरवर सी लिहीत आलेत त्याला माझ्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं झालीत. त्यांचं म्हणणं (फ्रेम म्हणजे मॉडबसचा एक संदेश): "अगं, फ्रेम २५६ बाइटच्या वर जात नाही, डीकोडर म्हणजे टेबल आणि शिफ्ट, यात सीला काय होतंय?" आणि उदाहरण दिलं एसक्यूलाइट या डेटाबेसचं. रास्त उदाहरण आहे. २००० सालापासून सीमध्ये, प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि सी का याची कारणं त्या लोकांनी स्वतः लिहून ठेवलीत, वेग, कुठूनही बोलावता येणं, अवलंबित्व जवळजवळ शून्य, आणि जुनी स्थिर भाषा. रस्टमध्ये परत लिहायचं तर काय सिद्ध व्हायला हवं हेही तिथेच लिहिलंय, त्यात मेमरी संपली तर न मरता सावरता येणं आणि ब्रँच कव्हरेज (टेस्टमध्ये कोडच्या किती फांद्या चालल्या) पूर्ण मोजता येणं हे दोन मुद्दे आहेत.

मी त्यांना म्हटलं, सर, त्यांच्याकडे मशीन कोडच्या पातळीवर १०० टक्के ब्रँच कव्हरेजच्या टेस्ट आहेत. त्यांची सी आणि आपली सी एक नाही. आपल्याकडे रिलीजच्या आदल्या संध्याकाळी घाईत केलेला रिव्ह्यू असतो.

मग मी हार्टब्लीडचं काढलं, कारण ते आपल्या कामाच्या अगदी जवळचं आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.०.१ मध्ये मार्च २०१२ ला आलेला दोष एप्रिल २०१४ मध्ये बाहेर आला. हार्टबीटचा मेसेज पाठवणारा सांगतो की मी इतके बाइट पाठवतोय, तेवढे परत पाठव. ओपनएसएसएल खरंच तेवढे आलेत का हे न बघता सांगितलेल्या आकड्याइतकी मेमरी उचलून परत देत होतं, एका वेळी ६४ केबीपर्यंत, त्यात पासवर्ड असोत की खासगी चावी. आता मॉडबसचं फंक्शन ०३ चं उत्तर बघा: पहिला बाइट स्लेव्हचा पत्ता, दुसरा फंक्शन कोड, तिसरा बाइट काउंट, मग डेटा, शेवटी दोन बाइट सीआरसी (मजकूर वाटेत बिघडला का हे ओळखायचा आकडा). तो तिसरा बाइट म्हणजे नेमकी तीच जागा. कंट्रोलर म्हणतो २०० येतायत, आलेत ६०, आणि आपण २०० वाचत सुटलो तर बफरच्या पलीकडे जे असेल ते शेतकऱ्याच्या नावावर नोंदलं जाणार.

सर म्हणाले सीआरसी आहे ना. सीआरसी तारेवरचा गोंधळ पकडतो, आणि व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या, शेजारून जाणाऱ्या आरएस-४८५ च्या (मॉडबसच्या) तारेवर तो गोंधळ भरपूर असतो हे खरंय. पण कंट्रोलरच्या फर्मवेअरनेच चुकीचा बाइट काउंट घातला आणि त्याच्यावर सीआरसी बरोबर काढला तर? फ्रेम तपासणीत पास, मजकूर खोटा. सर यावर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले हे होतं, मी बघितलंय.

आकड्यांचं बोलायचं तर मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षा दोषांतले साधारण ७० टक्के मेमरीचे असतात, आणि अँड्रॉइडमध्ये नवा कोड मेमरी-सेफ भाषांत (रस्टसारख्या, बफरच्या पलीकडे वाचू न देणाऱ्या) लिहायला लागल्यावर हे प्रमाण २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. यातली मला पटलेली गोष्ट ही की त्यांनी जुना सगळा कोड फेकून परत लिहिला नाही, फक्त नवा लिहिताना भाषा बदलली. आपला डीकोडर तसाही नव्यानेच लिहायचाय.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात, रस्ते बंद, घरूनच काम. शांतपणे वाचायला मिळालं, तर ज्यांनी आधी हे केलंय त्यांचं काय झालं ते बघितलं.

लिबआरएसव्हीजी (एसव्हीजी चित्रं काढणारी लायब्ररी): २०१६ च्या शेवटी सुरू केलं, सीमधली लायब्ररी एकेक फंक्शन करत आतून रस्टमध्ये नेली, २०१७ मध्ये रस्ट असलेलं पहिलं रिलीज. बाहेरची सी एपीआय तीच ठेवली, त्यामुळे ती वापरणाऱ्या प्रोग्रामांना कोड बदलावा लागला नाही. आपल्याला हवंय ते हेच.

पायथनचं क्रिप्टोग्राफी पॅकेज: फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.४ आलं आणि बिल्डला रस्ट कंपाइलर लागायला लागला. ज्यांना तयार व्हील (आधीच बिल्ड केलेलं पॅकेज) मिळत नव्हतं, अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरवाले, जुन्या पिपवाले, विचित्र आर्किटेक्चरवाले, त्यांचे बिल्ड एका सकाळी पडले. लेखकांची बाजू मला पटते, सुरक्षेची लायब्ररी आहे, त्यांनी योग्य तेच केलं. पण बिल्ड करणाऱ्याला आधी न विचारता भाषा बदलली की त्याचा राग भाषेवर निघतो हेही खरं.

कर्ल (यूआरएलवरून डेटा आणणारं टूल): २०२० मध्ये एचटीटीपीसाठी रस्टमधल्या हायपर लायब्ररीचा पर्यायी बॅकएंड जोडायला घेतला, डिसेंबर २०२४ मध्ये सोडून दिला. कारण मला फार महत्त्वाचं वाटलं. कोड वाईट नव्हता. शेवटचा थोडासा भाग पुरा करायला सी आणि रस्ट दोन्ही मनापासून येणारी माणसं मिळाली नाहीत, आणि वापरणाऱ्यांकडूनही फार मागणी नव्हती. काठावर उभं राहून दोन्हीकडे बोलणारा माणूस टीममध्ये नसेल तर रस्ट निवडू नये. आपल्याकडे सर सीच्या बाजूला आहेत, मी आणि अ‍ॅपवाला रस्टच्या, म्हणजे काठ आम्हाला तिघांना मिळून सांभाळावा लागेल आणि सरांना यात खेचल्याशिवाय काही खरं नाही.

२५ जून, बुधवार

आज मिप्स.

मिप्सची सगळी टार्गेट्स रस्टने १.७२ मध्ये, ऑगस्ट २०२३ ला, टियर ३ वर, म्हणजे आधाराच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, उतरवली. म्हणजे तयार स्टँडर्ड लायब्ररी मिळणार नाही, नाइटली कंपाइलर घेऊन स्टँडर्ड लायब्ररी आपणच बिल्ड करायची, आणि ती चालते का हे त्यांच्याकडे कुणी रोज तपासत नाही. सांभाळणारी माणसं नव्हती, त्यांनी तरी काय करावं. पण आपले जुने डबे मिप्सचे आहेत आणि डब्याबरोबर आलेल्या एसडीकेमधलं जीसीसी इतकं जुनं की सी११ (२०११ ची सी) सुद्धा त्याला धड येत नाही.

जालन्याच्या फील्ड टेक्निशियनला फोन केला. म्हटलं जुने डबे किती दिवस राहतील? "मॅडम, कुसुम योजनेच्या कामात पाच वर्षं देखभाल आपल्याच गळ्यात हाय, डबा चालू असेल तर कोण बदलतंय? आन् तिथं टूजीच्या वर रेंज नाही, मोठी फाइल पाठवू नका, अर्ध्यात तुटती." बरोबर आहे त्याचं. ज्याला उन्हात खांबावर चढायचंय त्याचं मत भाषेच्या निवडीत धरलं पाहिजे, मी धरणार.

संध्याकाळी सर म्हणाले, "मग सीच की." त्या क्षणी तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

३० जून, सोमवार

जुन्या डब्याचा कोड पहिल्या ओळीपासून परत वाचला. डबा काय करतो: कंट्रोलरला विचारतो, उत्तर घेतो, सीआरसी बघतो, रजिस्टर सोडवून आकडे काढतो, त्यांचं जेसन (नाव आणि किंमत असा मजकूर) करतो, पाठवतो. आता यातला सोडवून आकडे काढायचा भाग डब्यावर का आहे? विचारत गेले. आकड्यावरून डबा काही ठरवतो का? नाही. विहिरीचं पाणी संपलं तर पंप बंद करायचं काम कंट्रोलर स्वतः करतो, डब्याची वाट बघत नाही. डब्याला स्क्रीन आहे का? नाही. टेक्निशियन ब्लूटूथने जोडतो तेव्हा आकडे त्याच्या फोनवरच दिसतात, आणि तिथे लायब्ररी अ‍ॅपमध्येच असणार.

म्हणजे जुन्या डब्याला डीकोडर लागतच नाही. त्याने सीआरसी तपासलेली कच्ची फ्रेम वेळेचा शिक्का मारून जशीच्या तशी पाठवायची. हिशोब करून बघितला, ४० रजिस्टरांचं उत्तर म्हणजे ३ बाइट पुढे, ८० बाइट डेटा, २ बाइट सीआरसी, एकूण ८५ बाइट. त्याच ४० किमतींचं नावासकट जेसन याच्या कितीतरी पट जातं. टूजीवर उलट फायदाच. आणि कच्ची फ्रेम सर्व्हरवर राहिली तर उद्या रजिस्टर मॅपमधली गफलत सापडली की जुना डेटा परत डीकोड करता येईल, आज ती सोयच नाहीये, डब्यावर चुकीचा निघालेला आकडा कायमचा चुकीचाच राहतो.

हे सरांना सांगितलं आणि त्यांनी लगेच खुर्ची ओढली. डब्याचा कोड वाढणार नाही, उलट कमी होणार, आणि जो उरेल तो सी९९ मध्ये त्यांच्या हातचा. एआरएमच्या नव्या डब्यांवरही तूर्त तेच करायचं, तिथे लायब्ररी हवी तेव्हा घालता येईल.

निर्णय: लिबमाप रस्टमध्ये, दरवाजा सीचा. मिप्सवर लिबमाप जाणार नाही.

४ जुलै, शुक्रवार

हेडर आधी. रस्टची एक ओळ लिहिण्याआधी हेडर फाइल हाताने लिहायची आणि तिचे मालक सर असतील, आमच्यापैकी कुणालाही ती त्यांच्या होकाराशिवाय बदलता येणार नाही. सीबाइंडजेन या टूलने हेडर आपोआप निघतं हे माहितीये, पण हेडर म्हणजे करार आहे आणि करार कोडमधून आपोआप निघावा हे मला पटत नाही, उद्या कुणी आतलं काही बदललं की करार गुपचूप बदलेल.

सरांनी घातलेले नियम, जवळजवळ सगळे मान्य:

हँडल (लायब्ररीच्या आतल्या वस्तूकडे बोट दाखवणारी खूण) अपारदर्शक, आत काय आहे ते बाहेर दिसणार नाही. जी स्ट्रक्ट उघडी आहे तिचं पहिलं फील्ड तिची साइझ, म्हणजे पुढे फील्ड वाढली तरी जुना प्रोग्राम चालेल. आउटपुटचा बफर आणि त्याची लांबी दोन्ही बोलावणाऱ्याने द्यायची, लायब्ररी मेमरी मागत नाही आणि सोडतही नाही, त्यामुळे कुणी मागितली कुणी सोडायची हा वादच मिटला. आणि मेमरी संपली तर काय या एसक्यूलाइटवाल्यांच्या प्रश्नालाही आपल्यापुरतं उत्तर मिळालं, डीकोड करताना हीपला (चालताना मागून घ्यायच्या मेमरीला) हातच लावायचा नाही.

एनमवर (ठरलेल्या किमतींची यादी असलेला टाइप) बराच वेळ गेला. सीमधल्या एनमची रुंदी कंपाइलर ठरवतो, काही एआरएम टूलचेन तो एका बाइटचा करतात. आणि रस्टच्या बाजूला धोका जास्त गंभीर आहे, रस्टच्या एनममध्ये यादीत नसलेली किंमत बाहेरून आली तर ते अनडिफाइंड बिहेवियर (पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही), म्हणजे ज्या भीतीने रस्ट घेतली तीच भीती दारातून परत आत. म्हणून काठावर एनम नाही, सगळीकडे ३२ बिटांचा साइन्ड (चिन्हासहित) इंटिजर, आत आल्यावर तपासून मगच एनममध्ये.

११ जुलै, शुक्रवार

दोन क्रेट (रस्टची पॅकेजेस) केले. कोअर हा नो-एसटीडी (स्टँडर्ड लायब्ररीशिवाय), अलोकेशन नाही, अनसेफ (रस्टच्या तपासण्या बाजूला ठेवणारा कोड) पूर्ण बंद, कंपाइलरलाच सांगून ठेवलंय. दुसरा क्रेट म्हणजे काठ, सगळा अनसेफ तिथेच, आणि तो इतका लहान की सर एका बैठकीत वाचतात. वाचलाच त्यांनी, आणि नल पॉइंटर आणि शून्य लांबी एकत्र आली तर काय याची शंका काढली, जी अगदी योग्य होती, रस्टच्या स्लाइसला शून्य लांबी असली तरी नल पॉइंटर चालत नाही. तिथे वेगळी तपासणी घातली.

पॅनिकचं, म्हणजे रस्टचा कोड अडून मध्येच थांबला तर त्याचं, काय करायचं यावर अ‍ॅपवाला आणि मी बराच वेळ बोललो. रस्टमधून पॅनिक सीच्या फ्रेममध्ये घुसणं पूर्वी अनडिफाइंड होतं, १.८१ पासून, सप्टेंबर २०२४, सीच्या काठावर पोचलेलं पॅनिक प्रोसेस अबॉर्ट करतं. आधीपेक्षा पुष्कळ बरं. पण आपण लायब्ररी आहोत, एका वाकड्या फ्रेमसाठी टेक्निशियनचं अख्खं अ‍ॅप बंद पडणं किंवा पायथनचा वर्कर मरणं हे मला मंजूर नाही. म्हणून प्रत्येक बाहेरच्या फंक्शनमध्ये पॅनिक पकडणारं कॅच-अनवाइंड आणि पकडलं तर एरर कोड. आणि मुळात पॅनिक होऊच नये म्हणून कोअरमध्ये चौकटी कंसाने इंडेक्सिंग करायला आणि अनरॅपला क्लिपी या कोड तपासणाऱ्या टूलने बंदी, सगळीकडे गेट वापरायचं आणि नाही मिळालं तर नीट एरर द्यायची.

१८ जुलै, शुक्रवार

फझिंग (वेडावाकडा डेटा देऊन कोड पाडायचा प्रयत्न) सुरू. कार्गो-फझ रात्रभर चालतंय, कोअर अजून पडलेला नाही. त्याहून उपयोगी निघाली ती तुलना: तीच फ्रेम नव्या डीकोडरला आणि तिन्ही जुन्यांना द्यायची आणि उत्तरं वेगळी आली की थांबायचं. फरक लगेच दिसायला लागले. कंट्रोलरने नकार दिला की फंक्शन कोडचा सर्वात वरचा बिट लागतो, हेक्समध्ये ०३ चा ८३ होतो आणि पुढे एकच बाइट कारण सांगतो, त्याला एका डीकोडरमध्ये एरर मानलं जायचं आणि दुसऱ्यात गुपचूप शून्य. म्हणजे पंप बंद होता की कंट्रोलरनेच उत्तर नाकारलं हे त्या शून्यावरून कळायला मार्ग नाही. बाइट काउंट विषम आला तर एकजण शेवटचा बाइट टाकून द्यायचा. हीटसिंकचं तापमान अनसाइन्ड (चिन्ह नसलेलं) धरलं की थंडीतल्या पहाटे उणे एक अंशाचे ६५५३५ होतात. प्रत्येक फरकावर सर्व्हरवाल्या मैत्रिणीने आणि सरांनी मिळून एकच नियम ठरवला आणि तो टेस्टमध्ये गेला. खरं सांगायचं तर भाषेच्या निवडीपेक्षा या टेस्टचा ढीग जास्त मोलाचा वाटतोय मला.

२९ जुलै, मंगळवार

पॅकेजिंग, आणि यात नेहमीप्रमाणे वाटलं त्यापेक्षा जास्त काम.

कार्गो-सी हे टूल वापरतोय, .एसओ, हेडर आणि पीकेजी-कॉन्फिगची फाइल नीट जागच्या जागी टाकतं, सोनेमही (लायब्ररीचं व्हर्जनसकट नाव) लावतं, हेडर आपलंच द्यायची सोय आहे. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एनएम या टूलने बाहेर दिसणारे सिम्बॉल काढून यादीशी ताडून बघतो, माप_ ने सुरू न होणारं काहीही दिसलं तर बिल्ड लाल.

ग्लिबसी: माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४, म्हणजे ग्लिबसी २.३९, सर्व्हरवर डेबियन ११, म्हणजे २.३१. लॅपटॉपवर बिल्ड केलेली .एसओ सर्व्हरवर लोडच होत नाही, ग्लिबसी २.३४ चा सिम्बॉल मागते, कारण २.३४ मध्ये थ्रेडची पीथ्रेड लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि त्या फंक्शनांची व्हर्जन बदलली. कार्गो-झिगबिल्डने टार्गेटलाच जुनी व्हर्जन जोडून दिली की सुटतं. झिग शेवटी आलीच कामाला.

अँड्रॉइड: १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरवर अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठीच्या अ‍ॅपमधल्या .एसओ १६ केबीच्या मेमरी पानांवर चालायला हव्यात. लिंकरला मॅक्स-पेज-साइझ १६३८४ सांगितलं, सीआयमध्ये तपासणी घातली. हे आत्ताच केलेलं बरं, दिवाळीनंतर धावपळ नको.

पायथनसाठी पीवायओ३ (पायथन आणि रस्ट थेट जोडणारी लायब्ररी) सुचवलं गेलं, सुंदर आहे ते, पण मी नको म्हटलं. पायथनला मागच्या दाराने थेट रस्टमध्ये सोडलं तर हेडरमधला करार फक्त अ‍ॅपपुरता उरेल. सगळे एकाच दाराने, सीटाइप्सने.

६ ऑगस्ट, बुधवार

अवलंबित्वावर चर्चा. मार्च २०२४ चं एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलचं प्रकरण सगळ्यांच्या डोक्यात आहे, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा घातलेला, आणि एसएसएचडी (दुरून लॉगिन करू देणारा सर्व्हर) स्वतः ती लायब्ररी वापरतही नव्हता, काही डिस्ट्रोंमध्ये लिबसिस्टमडीमधून एक्सझेडची लिबएलझेडएमए त्याच्या प्रोसेसमध्ये येऊन बसत होती. शेअर्ड लायब्ररी लिहिणाऱ्याने हे विसरू नये, आपण ज्याला आत घेतो तो आपल्याला बोलावणाऱ्या प्रत्येकाच्या घरात जातो. रस्टमध्ये एक ओळ लिहून क्रेट आणणं इतकं सोपं आहे की हात आवरावा लागतो. ठरलं की कोअरमध्ये बाहेरचा एकही क्रेट नाही, सीआरसीचं टेबलही आपलंच, काठाच्या क्रेटमध्येही नाही. फक्त टेस्ट आणि फझिंगला परवानगी, आणि तेही व्हेंडर करून (प्रत जवळ ठेवून) रेपोमध्ये.

सर आता रस्ट वाचतात. लिहीत नाहीत, म्हणतात घाई नाही. पण सीमधून लायब्ररीला मुद्दाम वाकडं बोलावणाऱ्या टेस्ट त्यांनीच लिहिल्यात, चुकीची साइझ, अर्धा बफर, दोन थ्रेडमधून एकच हँडल. काठाच्या पलीकडून बघणारं माणूस टीममध्ये आहे याचा मला फार आधार वाटतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

०.१ टॅग केलं. सर्व्हरवर एका जिल्ह्याच्या डेटासाठी पायथनचा जुना डीकोडर आणि लिबमाप शेजारी शेजारी चालू आहेत, फरक आला की दोन्ही उत्तरं आणि कच्ची फ्रेम साठवली जाते. अ‍ॅपचं बीटा जालन्याच्या टीमकडे दिलंय. जुन्या डब्यांसाठी सरांचं कच्ची फ्रेम पाठवणारं फर्मवेअर बेंचवर आहे, फाइल आधीपेक्षा लहान झालीय, तरी टूजीवर तुकड्यातुकड्याने पाठवायची आणि तुटली तर पुढून चालू करायची सोय झाल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही.

पुढच्या आठवड्यात: रजिस्टर मॅप कोडमध्ये ठेवायचा की वेगळ्या फाइलमधून वाचायचा हे ठरवायचं. माझं मत फाइलकडे आहे, सरांचं कोडकडे, कारण फाइल वाचणं म्हणजे आणखी एक पार्सर आणि बाहेरून येणारा आणखी एक मजकूर. दोन्ही बाजू लिहून मीटिंगला आणायच्या.